फुकेतहून राचा बेटावर शिडाच्या बोटीने : ठाण्याच्या कुटुंबाला ही सहल कितपत मानवते?

ठाणे-नवी मुंबईतून थायलंडला जाणाऱ्या बहुतेक सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत 'स्पीडबोटीने कोरल आयलंड, परत आल्यावर भारतीय भोजन' अशी एक ओळ असतेच. त्या ओळीतले कोरल आयलंड नेमके कोणते, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण या नावाने पर्यटकांना दोन वेगळी बेटे विकली जातात. एक पट्टायासमोरचे को लान, म्हणजे थायलंडच्या आखातातले, आणि दुसरे फुकेतच्या दक्षिणेकडचे को हे, म्हणजे अंदमान समुद्रातले. आम्हाला ठाण्यातल्या प्रवास कंपनीने दिलेल्या पर्यायांत दोन्ही ठिकाणी स्पीडबोटीत तीस-चाळीस जण, किनाऱ्यावर तासभर आणि पॅरासेलिंगचे वेगळे पैसे असाच प्रकार होता. मुलीला मासे पाहायचे होते, सासूबाईंना बोटीचे धक्के नको होते आणि मला दोन्ही गोष्टी एकाच दिवसात हव्या होत्या. म्हणून फुकेतचा एक दिवस पॅकेजमधून वगळून तिथल्याच एका छोट्या कंपनीची शिडाच्या कॅटामरानची दिवसभराची फेरी आम्ही स्वतंत्रपणे आरक्षित केली. आमच्यासोबत ऐरोलीचे एक स्नेही कुटुंबही होते. फेरीचा मार्ग चालोंगचा धक्का, राचा याई बेट, परतताना कोरल आयलंड आणि शेवटी प्रोम्थेप भूशिराजवळ सूर्यास्त असा होता.

माणशी साधारण चार हजार बाट पडले, म्हणजे आपले दहा-अकरा हजार रुपये. त्याच बेटांची स्पीडबोटीची सहल याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळते. तेव्हा या परीक्षणात खरा प्रश्न एवढाच आहे की वरच्या पैशांत काय मिळते. जाहिरातीतल्या छायाचित्रांवरून ते शिडाचे पैसे वाटतात. प्रत्यक्षात मला ते वेळेचे आणि लक्ष देणाऱ्या माणसांचे पैसे वाटले, आणि त्या हिशेबाने बहुतांशी वसूलही झाले.

दिवसाची सुरुवात मात्र चांगली झाली नाही. हॉटेलवरून नेणारी गाडी सामायिक होती आणि ती आणखी तीन-चार हॉटेलांना वळसे घालत गेल्यामुळे आम्ही तासाहून अधिक वेळ गाडीतच होतो. काता किंवा रवाईच्या बाजूला राहणाऱ्यांना चालोंग जवळ पडते, परंतु पातोंगला उतरलेल्यांनी शक्य असल्यास स्वतःची टॅक्सी करावी. चालोंगचा धक्का लांबलचक आहे. ओहोटीला पाणी बरेच मागे सरत असल्याने मोठ्या बोटी टोकापाशीच लागतात, आणि तिथवर नेणारी लहान गाडी असली तरी उन्हात तिची वाट पाहावी लागते.

धक्क्यावर प्रत्येकाचे नाव यादीशी पडताळून पाहिले गेले आणि बोटीत पाय ठेवताच जीवरक्षक जाकिटे कुठे आहेत, ती कशी बांधायची, हे सांगण्यात आले. मुलीच्या मापाचे जाकीट आधीच काढून ठेवलेले होते. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ 'फीनिक्स' नावाची पर्यटक बोट वादळी समुद्रात बुडून ४७ जणांचा मृत्यू झाला, तेव्हापासून तिथे या बाबतीत कडकपणा आला असे म्हणतात. आपल्याकडे १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. त्यानंतरही मांडव्याच्या फेरीबोटीत जाकीट घालायला सांगितले की हसणारे प्रवासी आपण पाहतो. त्यामुळे इथे कोणी हसले नाही, याची मी मुद्दाम नोंद करते.

आता शिडाबद्दल. कॅटामरान म्हणजे दोन अरुंद सांगाड्यांवर पसरलेली रुंद बोट. ती एकेरी सांगाड्याच्या शिडाच्या नौकेसारखी एका कुशीवर कलत नाही, आणि पुढच्या दोन नाळींच्या मधल्या जागेत जाळी ताणून बसवलेली असते. तिच्यावर पालथे पडून खालून धावणारे पाणी पाहता येते. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात तिकडे ईशान्येचा वारा असतो. राचा याई फुकेतच्या दक्षिणेला असल्याने जाताना तो डाव्या खांद्यामागून येतो, म्हणजे शिडाला अगदी सोयीचा. धक्क्यापासून बाहेर पडल्यावर इंजिन बंद झाले, मोठे शीड डोलकाठीवर चढले आणि पुढचा तास-दीड तास खरोखरच शिडावर गेला. इंजिनाचा आवाज आणि डिझेलचा वास नसणे ही सुखद गोष्ट आहेच, पण प्रवासात मळमळणाऱ्यांना तिचा प्रत्यक्ष उपयोगही होतो. सासूबाई माळशेज घाटात गाडी थांबवायला लावतात. त्या इथे डोलकाठीजवळ, बोटीच्या मध्यावर, क्षितिजाकडे तोंड करून बसल्या आणि तासभर आधी घेतलेल्या ॲव्होमिनच्या गुंगीत का होईना, आनंदात होत्या. त्या गोळीने झोप येते, हे लक्षात ठेवून ती घ्यावी. पोहण्याचा मनसुबा असलेल्यांनी आदल्या दिवशी घरच्या डॉक्टरांना विचारलेले बरे.

परतीचे गणित मात्र उलटे असते. शिडाची कोणतीही बोट वाऱ्याच्या थेट तोंडाला जाऊ शकत नाही. तिला सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून नागमोडी जावे लागते, आणि दिवसभराच्या वेळापत्रकात तेवढा वेळ नसतो. त्यामुळे राचा सोडल्यापासून चालोंगपर्यंत इंजिनच चालू होते, शीड उभे होते ते जवळजवळ शोभेपुरते. कप्तानाने हे विचारताच मोकळेपणाने सांगितले. कंपनीच्या पत्रकावर मात्र 'दिवसभर वाऱ्यावर स्वार' असा मजकूर होता आणि तो बदलला पाहिजे. ज्यांना शिडाच्या नौकानयनाची विशेष हौस आहे, त्यांनी ही सहल निम्मी शिडाची आहे असे समजूनच घ्यावी.

राचा याईला आम्ही दुपारी बाराच्या सुमारास पोहोचलो. त्या मोसमात पूर्वेकडच्या आखातांमध्ये वाऱ्यामुळे पाणी हलते राहते, म्हणून साऱ्या बोटी पश्चिमेच्या बातोक आखातात गोळा होतात. तिथे वाळू पांढरीशुभ्र, पाणी निळे आणि त्या निळाईत ओळीने उभ्या असलेल्या स्पीडबोटी इतक्या की गणपतीच्या आदल्या संध्याकाळचा ठाण्याचा स्टेशन रोड आठवावा. आमच्या कप्तानाने बोट किनाऱ्याकडे नेलीच नाही. आखाताच्या तोंडापाशी, खडकाळ बाजूला असलेल्या तरंगत्या बोयाला दोर बांधून तो थांबला. नांगर टाकला तर त्याच्या फाळांनी आणि साखळीने तळाचे प्रवाळ मोडतात, म्हणून हे बोये बसवलेले असतात. त्या खडकाळ कडेला आमच्या चौदा प्रवाशांखेरीज पाण्यात कोणी नव्हते. पहिली डुबकी तिथे, मग बोटीवरच जेवण, आणि दोन-अडीचच्या सुमारास स्पीडबोटी एकेक करून निघाल्यावर किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात दुसरी डुबकी, असा क्रम त्याने ठेवला होता. स्पीडबोटीचा प्रवासी या बेटावर सर्वांत जास्त गर्दीच्या वेळी येतो आणि गर्दी पांगायच्या वेळी त्याला परत नेले जाते. हळू जाणाऱ्या बोटीला संध्याकाळी दुसरी फेरी करायची नसते, म्हणून तिला थांबणे परवडते. दुप्पट पैसे मला इथे वसूल होताना दिसले.

स्नॉर्केलिंगची तयारी करून घेण्याची पद्धत या कंपनीत फार चांगली होती आणि तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडून जाणारी बरीच मंडळी तरणतलावात पोहायला शिकलेली असली तरी तोंडाने श्वास घेत पाण्यात पालथे तरंगण्याची त्यांना सवय नसते. पाण्याखालचा चष्मा आधी पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर, पडला तर दुसरा घ्यायचा. मिशीच्या केसांतून पाणी आत शिरते, त्यामुळे माझ्या नवऱ्याला चष्मे बदलून पाहण्यातच बराच वेळ लागला. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून लहान मुलांच्या शाम्पूचा थेंब चोळून खळखळून धुतात. संपूर्ण चेहरा झाकणारे नवे मुखवटे काही प्रवाशांनी स्वतःचे आणले होते, ते वापरण्यास मार्गदर्शकाने नम्रपणे नकार दिला. अशा मुखवट्याच्या पोकळीत उच्छ्वासाची हवा साचून पुन्हा आत घेतली जाऊ शकते आणि अडचण आली तर तो झटकन काढता येत नाही, हे त्याचे कारण मला पटले. पायाला पंख्यासारखे फिन्स लावल्यावर चालायचे असेल तर उलटे चालावे, ही सूचना न ऐकणाऱ्या एका गृहस्थांचे डेकवर काय झाले, ते इथे लिहीत नाही.

याच ठिकाणी एक तक्रारही आहे. मार्गदर्शक उत्तम, पण त्याच्या हातातले साहित्य तितके नाही. काही चष्म्यांचे सिलिकॉन जुने होऊन कडक झाले होते, लहान मुलांच्या मापाचे पुरेसे नव्हते आणि नंबरचे चष्मे होते त्यांत माझ्या नंबराच्या जवळचा एकही निघाला नाही. ज्यांना दूरचे दिसत नाही त्यांनी नंबरचा स्नॉर्केलिंग चष्मा भारतातूनच मागवून न्यावा. एवढा खर्च करून धूसर निळे पाणी पाहण्यात अर्थ नाही.

सासूबाईंना पोहता येत नाही. त्यांना जाकीट घालून, हातात रबरी कडे देऊन मार्गदर्शक स्वतः दोरीने ओढत घेऊन गेला. सुरुवातीला त्या सारख्या डोके वर काढत होत्या, तेव्हा तो घाई न करता थांबत होता आणि खुणेने 'आधी श्वास' एवढेच सांगत होता. वीस मिनिटांनी त्या शिडीपाशी आल्या त्या 'अगं, एवढे मासे बाजारात नसतात!' असे म्हणतच. चौदा प्रवाशांमागे पाण्यात दोन माणसे आणि बोटीवरून नजर ठेवणारा तिसरा, हे प्रमाण नसते तर साठी ओलांडलेल्या आणि पोहता न येणाऱ्या बाईला मी पाण्यात उतरू दिले नसते.

पाण्याखाली काय दिसते, याबद्दल अपेक्षा योग्य ठेवाव्यात. मासे भरपूर आहेत. पिवळ्या अंगावर काळे उभे पट्टे असलेल्या सार्जंट माशांचे थवे, जोडीने फिरणारे फुलपाखरू मासे, खडकाला चोच मारणारे हिरवे-निळे पोपटमासे, समुद्रफुलाच्या झुबक्यात लपणारे लहान नारिंगी मासे. पोपटमासा प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडून खातो आणि त्याचा चुरा पोटातून वाळू होऊन बाहेर पडतो. बेटावरच्या पांढऱ्या वाळूचा काही भाग असाच तयार होतो, हे कळल्यावर आमच्या कन्येचा वाळूत बसण्याचा उत्साह थोडा कमी झाला. आपण हाताएवढा मासा पाहिला, असा तिचा दावा होता. पाण्याखाली काचेतून वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठ्या दिसतात, एवढी सूट तिच्या वडिलांनी त्यात धरली. तळाशी लांब काळ्या काट्यांचे सी-अर्चिन बरेच होते, म्हणून उथळ पाण्यात उभे राहण्याचा मोह टाळावा. मोठा ट्रिगरफिश घरट्याच्या काळात अंगावर धावून येतो आणि त्याची हद्द तळापासून वर रुंद होत जाते. तेव्हा त्याच्यापासून वर पळू नये, आडवे निघून जावे, अशी सूचनाही मिळाली. तो दिसला नाही.

प्रवाळाची स्थिती मात्र जाहिरातीतल्या छायाचित्रांसारखी मुळीच नाही. मोठे गोलाकार प्रवाळ टिकून आहेत, पण फांद्यांचे प्रवाळ ठिकठिकाणी मोडून राखाडी ढीग होऊन पडलेले आहेत. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले की प्रवाळ आपल्या आतले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. त्या शैवालावरच त्यांचे पोट असल्याने उष्णता टिकली तर ते मरतात. अंदमान समुद्राने २०१० मध्ये याचा मोठा तडाखा सोसला आहे आणि एप्रिल २०२४ मध्ये तर जगभरातील प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी व्यापक लाट जाहीर झाली. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग केलेल्यांना इथला मुख्य फरक पाण्याच्या स्वच्छतेत जाणवेल. मालवणात चांगल्या दिवशीही काही मीटरपलीकडे गढूळपणा असतो, इथे बोटीवरून तळ दिसत होता. मात्र मालवणात ब्रेड टाकून मासे जमवण्याची जी सवय आपल्याला लावली गेली आहे, ती इथे चालली नाही. कोणीतरी पिशवीतून पाव काढला, तो मार्गदर्शकाने हसत हसत परत ठेवायला लावला आणि प्रवाळाला हात लावल्यास दंड होतो, हेही बजावले.

सनस्क्रीनबाबतही विचारणा झाली. सिमिलन, फी फी यांसारख्या सागरी राष्ट्रीय उद्यानांमध्ये ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्झेट अशी प्रवाळाला घातक द्रव्ये असलेली सनस्क्रीन नेण्यास थायलंडने २०२१ पासून बंदी घातली आहे आणि दंड एक लाख बाटपर्यंत होऊ शकतो. राचा अशा उद्यानात येत नसले तरी या बोटीवर तोच नियम पाळतात. आपल्याकडच्या औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक ट्यूबांवर ऑक्टिनॉक्झेट छापलेले असते, तेव्हा निघण्यापूर्वी झिंक ऑक्साइडची ट्यूब शोधावी. त्याहून उत्तम म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा, कारण पालथे तरंगताना पाठ आणि पोटऱ्याच सर्वांत जास्त भाजतात.

जेवणाबद्दल थोडक्यात. भात, कोंबडीची रस्सा भाजी, तळलेला मासा, कलिंगड आणि अननस. मांसाहारींनी तक्रार करण्यासारखे काही नव्हते. शाकाहारी जेवण आरक्षणाच्या वेळी लिहून दिलेले असूनही भाज्यांमध्ये ऑयस्टर सॉस होता, आणि विचारल्यावर 'मांस नाही' असे प्रामाणिक उत्तर मिळाले. थायलंडमध्ये माशाचा आणि कालवांचा रस भाजीत घालणे नित्याचे आहे, त्यामुळे तिथे नुसते 'व्हेज' लिहून भागत नाही. 'जे' हा शब्द वापरावा. त्याचा अर्थ कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य असलेले जेवण असा घेतला जातो, म्हणजे चवीचा त्याग करावा लागेल, पण निर्धास्तपणे खाता येईल. ऐरोलीच्या वहिनींनी आणलेल्या मेथीच्या ठेपल्यांनी त्या दिवशी तीन शाकाहाऱ्यांची सोय केली.

ज्या गोष्टी कोणत्याही पत्रकात नसतात, पण घरच्या बायका मला आधी विचारतात, त्या सांगते. बोटीवर दोन स्वच्छतागृहे होती, अरुंद पण स्वच्छ. त्यांत पाणी पंपाने ओढावे लागते आणि कागद आत टाकायचा नसतो. कपडे बदलायला खाली एक लहान खोली आहे, कडी नीट लागते. बोटीच्या मागच्या पायऱ्यांवर गोड्या पाण्याचा फवारा आहे, टॉवेल कंपनी देते. पोहण्याचा पूर्ण अंगाचा पोशाख घालणाऱ्या आम्हीच एकट्या नव्हतो आणि कोणी वळूनही पाहिले नाही. पाण्यातून वर येण्याची शिडी मात्र उभी आहे. गुडघे दुखणाऱ्यांना खालून आधार लागतो आणि तो न मागता मिळाला.

कोरल आयलंडला आम्ही चारनंतर पोहोचलो. पॅरासेलिंगच्या बोटी आवरत होत्या, किनारा मोकळा होत होता. इथले पाणी राचापेक्षा थोडे गढूळ वाटले आणि पाहण्यासारखे प्रवाळ उथळ भागात फारसे राहिलेले नाहीत. मुलांना वाळूत खेळायला ठीक. सूर्यास्त प्रोम्थेपसमोर सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान झाला, छान झाला, आणि त्याच वेळी दिवसभर काढलेल्या ड्रोनच्या चित्रफितीची किंमत सांगायला एक मुलगा प्रत्येकाकडे फिरत होता. एवढे पैसे घेतल्यावर ही चित्रफीत वेगळी विकणे मला अप्रशस्त वाटते.

ज्यांच्या घरात कोणीच पाण्यात उतरणार नाही, त्यांनी स्पीडबोटच घ्यावी. निम्म्या पैशांत बेट पाहून होते. ज्यांना एका दिवसात फी फी बेटे आणि तिथला माया बे हा किनाराही पाहायचा आहे, त्यांनाही ही सहल उपयोगाची नाही, कारण शिडाच्या बोटीला तेवढे अंतर एका दिवसात झेपत नाही. पोहता न येणारे आई-वडील, प्रथमच स्नॉर्केलिंगचा चष्मा लावणारी मुले आणि गर्दीला कंटाळलेले मधले आपण, अशा मिश्र कुटुंबाला मात्र मी ही सहल सुचवीन, साहित्य आणि शाकाहारी जेवण यांची लेखी खात्री करून घेण्याच्या अटीवर. स्क्यूबा डायव्हिंगनंतर विमानप्रवासासाठी जसे अठरा ते चोवीस तास थांबावे लागते तसे स्नॉर्केलिंगनंतर लागत नाही, त्यामुळे सहलीच्या शेवटच्या दिवसाआधीही ती बसवता येते.

मुलांच्या शाळांमुळे आपल्याकडची बहुतेक कुटुंबे मे महिन्यात निघतात आणि नेमका तेव्हा फुकेतच्या बाजूला नैर्ऋत्येचा मोसमी वारा सुरू होतो. पश्चिम किनाऱ्यावर लाटा वाढतात, सिमिलनची बेटे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात आणि शिडाच्या फेऱ्या हवामान पाहून ऐनवेळी रद्द होतात. मे महिन्याशिवाय सवड नसेल तर थायलंडच्या आखाताच्या बाजूचे को सामुई किंवा को ताओ पाहावे. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात येत असेल तर फुकेतच घ्यावे, आणि हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास पूर्ण पैसे परत मिळतील की केवळ दुसरी तारीख, हे आरक्षणाच्या पावतीवर लिहून घ्यावे. आमच्या पावतीवर दुसरी तारीखच होती.